कंपनीचा पत्रा आधी गाडीवरच शोधा

महाड-पोलादपूर पट्ट्यात कुणी जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचं मनावर घेतलं की पहिला फोन मुंबईला जातो. कुर्ल्याचा सीएसटी रोड, नाहीतर ऑपेरा हाऊसची स्पेअरपार्टची गल्ली. ‘पद्मिनीचं डावं मडगार्ड आहे का? कंपनीचंच पाहिजे.’ पलीकडून ‘आहे’ असंच उत्तर येतं. पैसे जातात, मुंबई-गोवा महामार्गाने पावणेदोनशे किलोमीटरचा प्रवास करून मडगार्ड येतं आणि गाडीला लावून बघितलं की बोनेटच्या कडेला बोटभर फट दिसते. मग डेंटर हातोडा काढतो.

हा फोन जरूर करा, पण महिनाभराने करा. आधी दारात उभ्या असलेल्या गाडीवर कंपनीचा किती पत्रा अजून जिवंत आहे, ते बघा. तो बहुतेक वेळा वाटतो त्यापेक्षा जास्त असतो. लांबी (पुट्टी) आणि रंगाच्या चार थरांखाली झाकला गेल्यामुळे दिसत नाही एवढंच.

आपल्या भागात जुन्या गाड्या म्हणजे मुख्यतः दोन. एक चाकरमान्याची फियाट. मुंबईत वापरून झाली, मुलांनी नवी घेतली, आणि वडिलांची म्हणून गावच्या पडवीत आणून ठेवली. दुसरी महिंद्राची जीप. उमरठपासून किनेश्वरपर्यंतच्या चढउतारांवर वर्षानुवर्षं राबलेली. याशिवाय कुणाकडे क्वचित स्टँडर्ड हेरल्ड सापडते. ब्रिटिश स्पोर्ट्स कारशी आपलं नातं जुळतं ते या हेरल्डमुळे. तिच्याकडे पुढे येतोच.

कंपनीच्या पत्र्याला एवढं महत्त्व का, ते समजून घेतलं तर फसवणूक निम्मी टळते. मडगार्डसारखा भाग कारखान्यात एका फटक्यात होत नाही. सपाट पत्रा आधी मोठ्या प्रेसखाली साच्यात ओढला जातो, मग कडा कापल्या जातात, मग कडा दुमडल्या जातात, मग भोकं पाडली जातात. प्रत्येक टप्प्याला वेगळा साचा. हे साचे इतके खर्चिक असतात की हजारो गाड्या होणार असतील तरच परवडतात. गाडी बंद झाली की साचा निकामी ठरतो. इंग्लंडमध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने एमजीबी या स्पोर्ट्स कारचे मूळ साचे शोधून काढून १९८८ पासून तिचा अख्खा सांगाडा नव्याने बनवायला घेतला. त्यामुळे एमजीबीवाल्याला आजही नवाकोरा सांगाडा मागवता येतो. आपल्याकडे पद्मिनीच्या वाट्याला असं भाग्य आलेलं नाही. तेव्हा जे जुनं उरलंय त्यावरच भिस्त.

पाहणीला लागणारं सामान साधं आहे: लोहचुंबक, सुती कापड, टॉर्च, टोकदार स्क्रूड्रायव्हर आणि एक अंथरूण. चुंबकाला पातळ कापड गुंडाळा आणि गाडीवरून हळूहळू फिरवा. जिथे ओढ एकदम कमी होते तिथे खाली लांबी भरलेली आहे. अजिबात ओढ नसेल तर खाली पत्राच नाही, नाहीतर कुणीतरी फायबरचं कापड चिकटवून वर रंग मारलेला आहे. सापडलेल्या जागा खडूने आखून फोटो काढा. मग अंथरूण टाकून गाडीखाली झोपा. दरवाज्याखालची पट्टी म्हणजे सिल, पायाखालचा फ्लोअर, डिकीत स्टेपनी ठेवायचा खड्डा आणि मागच्या चाकांच्या कमानींची आतली बाजू स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. घट्ट लागलं तर वरचा गंज कितीही भीतीदायक दिसो, पत्रा वाचणारा आहे. टोक आत गेलं तर तेवढा भाग गेला.

नेमका तेवढा. बहुतेक गॅरेजांत घाई होते ती इथेच. खालची चार इंच कड कुजली म्हणून अख्खं मडगार्ड बदलायचं ठरतं. बदलायला सोपं असतं म्हणून कारागीरही हो म्हणतो. पण मडगार्डचा वरचा गोलावा, हेडलाइटभोवतीची कमान, बोनेटला मिळणारी कड हे हातोड्याने पुन्हा न घडणारे भाग सहसा शाबूतच असतात, कारण पाणी साचतं खाली. कुजलेली कड कापून तेवढाच नवा तुकडा जोडणं हे काम जास्त वेळखाऊ आहे, मजुरीही जास्त लागते. तरी मी तेच करायला सांगेन. सपाट तुकडा कुणीही बनवतो, दोन बाजूंनी वळणारा गोलावा बनवणारे हात आता फार थोडे उरलेत.

मडगार्ड खरंच गेलं असेल, दरवाजा अपघातात दुमडला असेल, तर मात्र बाजारात उतरावं लागतं. तिथे ‘ओरिजिनल’ म्हणून विकलं जाणारं सगळं एका जातीचं नसतं. कारखान्यातून निघून कधीच न वापरलेला, कुठल्या तरी जुन्या डीलरच्या माळ्यावर पडून राहिलेला पत्रा हा सर्वात दुर्मीळ. दुसऱ्या गाडीवरून कापून काढलेला पत्रा जास्त मिळतो आणि माझ्या मते पद्मिनीच्या बाबतीत हाच सर्वात भरवशाचा. तो कधीतरी एका गाडीवर नीट बसलेला होता, ही त्याची मोठी पावती. तिसरा प्रकार बाहेरच्या छोट्या कारखान्यांनी नकलेवरून बनवलेला, आणि चौथा सरळ हाताने ठोकलेला.

ओळखायचं कसं? बाहेरून बघू नका, पालथा घालून बघा. प्रेसमधून निघालेल्या पत्र्याची आतली बाजूही बाहेरच्याइतकीच गुळगुळीत असते. हाताने ठोकलेल्यावर हातोडीच्या खुणा आत लपत नाहीत. दुमडलेली कड बोटात धरून टोकापासून टोकापर्यंत सरकवा. कारखान्याच्या कडेची रुंदी बदलत नाही. भोकं बघा. साच्याने पाडलेल्या भोकाची एका बाजूची कड किंचित गोलसर आणि दुसऱ्या बाजूला बारीक धार असते, ड्रिलने पाडलेल्या भोकाला तो गोलसरपणा नसतो आणि जागाही अंदाजाने धरलेली असते. दोन पत्रे जोडलेले असतील तर स्पॉट वेल्डचे छोटे गोल खळगे साधारण सारख्या अंतरावर रांगेत दिसायला हवेत. पाणी निघून जायची भोकं आणि नट बसवायचे पिंजरे हे नकलेत हमखास गाळले जातात. खोक्यावरचं लेबल आणि पार्ट नंबर यांच्यावर विसंबू नका. लेबल छापून मिळतं.

सर्वात खात्रीची परीक्षा फुकट आहे. आपल्या गाडीवरचा चांगल्या बाजूचा, किंवा ओळखीतल्या दुसऱ्या पद्मिनीचा गोलावा जाड पुठ्ठ्यावर कापून घ्या आणि तो पुठ्ठा घेऊन मुंबईला जा. चाकाची कमान, हेडलाइटचं तोंड, बोनेटकडची रेघ असे तीन पुठ्ठे पुरतात. डाव्या बाजूचा पुठ्ठा उलटा करून उजवीकडे चालतो. दुकानदार हसेल, हसू द्या.

मॉडेलचा घोळही समजून घ्या. सुरुवातीच्या फियाटचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, तिला आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणतात. तिचे पत्रे पुढच्या गाड्यांना बसतील असं धरून चालू नका. १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जी अकराशे डिलाइट निघाली आणि सत्तरच्या दशकात जिचं नाव पद्मिनी झालं, तिचा मूळ आकार इटलीत १९६२ ते १९६६ या काळात निघालेल्या फियाट अकराशे डीचा. म्हणून परदेशातून मागवायचंच असेल तर ‘अकराशे’ एवढं सांगून भागत नाही, ‘डी’ हे अक्षर महत्त्वाचं. जाळी, बंपर, दिवे हे मात्र आपल्याकडे वेळोवेळी बदलत गेले. मुंबईच्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरातली, आणि वीस वर्षांची मर्यादा संपून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. टॅक्सीवरून निघालेले पत्रे अजून फिरतात. टॅक्सीचा दरवाजा घेताना बिजागरीची जागा तपासा. दिवसभर उघडझाप झालेल्या दरवाज्याला तिथे तडे असतात.

आता हेरल्ड. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने १९६१ पासून ही गाडी बनवली. ब्रिटनमध्ये ट्रायम्फ कंपनीने ती काढली तेव्हा तिला अख्खा सांगाडा पुरवणारा कारखानाच मिळेना, म्हणून गाडी वेगळ्या शासीवर तुकड्यातुकड्यांनी बोल्टने जोडायची अशी योजना झाली. रेखाटन इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांचं. याच शासीवरून १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार निघाली. जुन्या हेरल्डला हे वरदान आहे. पत्रे सुटे होतात आणि शासी-सस्पेन्शनचे बरेच सुटे भाग स्पिटफायरवाल्यांमुळे इंग्लंडात अजून मिळतात. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. स्पिटफायरचा बाहेरचा पत्रा वेगळा आहे, नात्यावर भुलून तो मागवू नका. आणि चार दरवाज्यांची हेरल्ड फक्त भारतात झाली, तेव्हा तिचे मागचे दरवाजे इंग्लंडात शोधूनही मिळणार नाहीत. हेरल्डचं बोनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं. ते दरवाज्याशी जुळत नसेल तर पत्र्याला दोष देण्याआधी शासी बघा. शासीचे बाजूला आलेले हात गंजून खचले की वरचे सगळे पत्रे तिरपे होतात, आणि माणसं पत्रा कापत बसतात.

जीपचं सोपं आहे. जवळजवळ सगळा पत्रा सपाट, त्यामुळे चांगल्या कारागिराने बनवलेला भागही शोभून जातो, आणि जीपच्या पत्र्यासाठी मुंबईभर हिंडण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. अपवाद पुढच्या जाळीचा आणि बोनेटचा. सीजे-३बी जीपचं बोनेट उंच असतं, कारण आत बसणारं हरिकेन इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं. जाळी बदलून दुसऱ्या मॉडेलची जीप ‘जुनी विलीज’ म्हणून विकतात, ते ओळखायची हीच खूण. मागच्या फाळक्यावर ठशात उमटलेलं नाव असेल तर तो फाळका कितीही पोचलेला असो, सरळ करून घ्या, बदलू नका.

गोव्यात नव्वदच्या दशकाच्या शेवटी बनलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी उघडी गाडी कुणाकडे असेल तर हा सगळा लेख तिला लागू नाही. तिचा देह फायबरचा. तिला डेंटर नको, साच्यावर काम करणारा फायबरवाला हवा.

महाडकरांना पुराचा विषय टाळता येत नाही. २२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्री आणि गांधारीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्यातल्या काही अजून उभ्या आहेत आणि काहींचे पत्रे विक्रीला येतात. पुरात बुडालेला पत्रा वाईटच असतो असं नाही, पण त्याच्या घडीघडीत गाळ बसलेला असतो आणि तो गाळ हवेतला ओलावा धरून ठेवतो. दरवाजा विकत घेताना तो उभा धरून आपटा. बारीक करडी माती पडली तर भाव निम्म्यावर आणा किंवा सोडून द्या. स्वतःची गाडी बुडालेली असेल आणि अजून उघडली नसेल, तर दरवाज्याची आतली पुठ्ठ्याची अस्तरं काढून टाका, सिलच्या खालची भोकं तारेने मोकळी करा, आणि स्वच्छ पाणी खालून निवळ येईपर्यंत आत सोडत राहा. मग उन्हात आठवडाभर सगळे दरवाजे उघडे टाकून वाळवा. त्यानंतरच आत गंजरोधक मेण फवारायचं. ओल आत कोंडून वरून मेण मारलं तर गंज आतल्या आत सुखाने वाढतो. जळकं ऑइल मारायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. जीपच्या जाड शासीला ते चालून जातं, पण दरवाज्याच्या आत नको. रबर फुगतं, धूळ बसते, आणि पुढे कधी वेल्डिंग किंवा रंग करायचा झाला की त्या जागी काहीच धरत नाही.

आणलेला पत्रा ठेवायचा कुठे, हाही आपल्याकडे पुराचाच प्रश्न. तळमजल्यावर नको. पोटमाळ्यावर ठेवा, एकावर एक न रचता टांगून किंवा उभा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, पावसाळ्यात आतून घाम सुटतो. तेलाचा हलका हात फिरवून सुती चादर पुरे. मुंबईहून आणतानाही कडा पेंढ्यात आणि गोणपाटात बांधून घ्या. कोपरा एकदा दुमडला की कंपनीच्या पत्र्याची कंपनी तिथेच संपते.

बसवण्याच्या कामात एकच आग्रह धरा: आधी सगळं कोरडं जुळवून बघायचं, मगच वेल्डिंग. पद्मिनीला वेगळी शासी नाही, अंगच सांगाडा आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंचे सिल एकाच वेळी कापले तर गाडी मध्ये बसते आणि दरवाजे जन्मभर घासतात. एक बाजू पूर्ण करा, मग दुसरी. कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत आडवा पाइप टाके मारून घट्ट करा, दरवाजा लावून फट सारखी आहे का बघा, आणि मगच नवा सिल पक्का करा. महाड एमआयडीसीमुळे आपल्याकडे वेल्डरांची उणीव नाही, पण टाक्या आणि पाइपलाइन जोडणारा हात जाड पत्र्याला सरावलेला असतो. गाडीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर. त्यावर सलग रेघ ओढली की उष्णतेने पोट सुटतं. टाका इथे, पुढचा टाका हातभर लांब, मग परत मध्ये, असं थांबत थांबत काम करणारा माणूस निवडा. भंगारातल्या दरवाज्याच्या तुकड्यावर आधी त्याचा हात बघून घेतलात तर तो रागावणार नाही. रागावला तर दुसरा बघा.

वेळापत्रक ठरवताना एक कठोर सल्ला. ‘गणपतीला गाडी पाहिजे’ हे वाक्य गॅरेजमध्ये उच्चारूच नका. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये घासून उघडा केलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो, आणि त्यावर प्रायमर मारला की गंज आत बंद झाला. जुन्या पद्धतीच्या एनसी रंगावर दमट हवेत पांढुरकी झाकही येते. दसरा झाला की गाडी उघडा, थंडीत पत्रा आणि वेल्डिंग उरका, आणि शिमग्याच्या आत रंग संपवा. मध्ये काम थांबणार असेल तर उघड्या पत्र्यावर नुसता लाल ऑक्साइड मारून ठेवू नका. साधा प्रायमर पाणी शोषतो. इपॉक्सी प्रायमर महाग पडतो, पण पावसाळा काढतो. नव्या पत्र्यावर कारखान्याचा काळा लेप असेल तर तो वाहतुकीपुरता समजा. कुठे फुगलेला किंवा खडूसारखा उतरत असेल तर धातूपर्यंत काढून नव्याने सुरुवात करा.

शेवटी कागद. केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नोंदणी नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, खाजगी वापराची, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. शासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला नसावा, अशी अट आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या फियाट आता या मर्यादेत येऊ लागल्या आहेत, तेव्हा कंपनीचा पत्रा राखणं हा नुसता शौक राहिलेला नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, पण आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. घाई मात्र करू नका. अशी नोंदणी केली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला मनात येईल तेव्हा जायचं असेल तर साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी नव्याने करून पर्यावरण कर भरत राहणं सोयीचं. गाडी आपल्या नोंदीत आणायची तर दक्षिण रायगडसाठी पेणचं आरटीओ कार्यालय.

रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करावी लागते, म्हणून मूळ रंगच ठेवलेला बरा. डिकीच्या रबराखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे तो सापडतो. शासी क्रमांक ठोकलेला भाग कितीही गंजलेला असला तरी कापायचा नाही आणि दुसऱ्या गाडीचा तसा भाग स्वतःच्या गाडीला जोडायचा नाही. तो गुन्हा आहे आणि तपासणीत सहज पकडला जातो. कापलेला पत्रा घेताना विकणाऱ्याकडून साधं का होईना, बिल घ्या आणि तो ज्या गाडीवरून निघाला तिच्या कागदाची प्रत मागा.

आणि काम चालू असताना काढलेला जुना, कुजका पत्रा लगेच भंगारात देऊ नका. नवा पत्रा रंगून, दरवाजे नीट लागून, पहिला पावसाळा जाईपर्यंत तो मागच्या पडवीत असू द्या. कुठलं भोक कुठे होतं, कुठला पिंजरा कुठल्या अंगाला होता, हे पुढे कारागीर विचारतोच.